अर्ध्या शहाण्याचा पूर्ण चेहरा

श्रावणी सोमवारी भीमाशंकरला जायचं म्हणजे डिंगोऱ्याहून पहाटेच निघावं लागतं. जुन्नर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण, मग चढण आणि धुकं. लहानपणी रांगेत उभं राहून मान दुखेपर्यंत मी त्या शिखराकडे बघत असे आणि शेजारचं कुणी ना कुणी हमखास सांगे, ‘नाना फडणवीसांनी बांधलंय.’ त्या वयात मला वाटायचं, आमच्या नाणेघाटातल्या नानाच्या अंगठ्याचा नाना तो हाच. इतका मोठा अंगठा असलेल्या माणसाने डोंगरावर देऊळ बांधलं तर त्यात नवल काय! पुढे शाळेत नाव नीट कळलं, सनावळ्या पाठ झाल्या. पण माणूस म्हणून नाना मला भेटले ते अगदी अलीकडे. गावात लाइट गेलेली असताना ओसरीवर बसून मोबाइलवर एक चित्र बोटांनी मोठं मोठं करत होतो, तेव्हा.

ते तैलचित्र १७९२ सालचं आहे. त्यात अठरा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे बसले आहेत, शेजारी नाना आहेत, मागे सेवक उभे आहेत. हे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. आधी नजर पेशव्यांच्या दागिन्यांवर गेली. मग चित्र सरकवून नानांवर आणलं, आणि बोट तिथेच थांबलं. कृश चेहरा, लांब नाक, अंगावर पांढरं. पन्नाशीचा माणूस. समोर गोऱ्या साहेबाने रंगांचं सामान मांडलंय आणि आपण त्याच्यासाठी गप्प बसायचंय, हा अनुभव त्यांच्या घराण्यात याआधी कुणी घेतला नसणार. पाठ्यपुस्तकात नानांचा जो चेहरा आपण पाहतो, तो मुख्यतः या चित्रकाराच्या कामावरून पुढे उतरत आलेला. मूळ जागी तो बघताना मात्र लक्षात येतं की उतरवता उतरवता एक गोष्ट गळून गेली. थकवा.

नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२चा, साताऱ्याचा. घराणं मूळ कोकणातल्या वेळासचं. फडणीस हा शब्द फारसीतल्या ‘फर्द नवीस’वरून आला. फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद, आणि तो लिहिणारा तो नवीस. चौदाव्या वर्षी वडील गेले आणि हे लिहिण्याचं काम मुलाच्या अंगावर पडलं. एकोणिसाव्या वर्षी तो आई आणि बायकोला घेऊन भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर उत्तरेला गेला, वाटेतली तीर्थं करायची म्हणून, आणि पानिपत बघून परत आला. आई परत आली नाही. या सगळ्याविषयी नानांनी स्वतःच्या हाताने थोडं लिहून ठेवलं आहे. अठराव्या शतकातल्या मराठी माणसाने स्वतःच्या मनाविषयी, भीतीविषयी, चुकांविषयी इतकं मोकळं लिहावं, हे मला त्यांच्या सगळ्या राजकारणापेक्षा मोठं वाटतं. तो मजकूर १८२०च्या दशकात जॉन ब्रिग्ज यांनी इंग्रजीत नेला, आणि छापला त्याच रॉयल एशियाटिक सोसायटीने. म्हणजे या माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं आणि दुसऱ्याने त्याच्या चेहऱ्यावर वाचलेलं, असं दोन्ही एकाच संस्थेशी येऊन जोडलं गेलं.

पेशवाईत साडेतीन शहाणे होते असं आपल्याकडे म्हणतात. सखारामबापू, विठ्ठल सुंदर, देवाजीपंत हे पूर्ण, आणि नाना अर्धे. अर्धे का, तर तलवार हाती धरून लढायचं त्यांचं काम नव्हतं. सगळी अक्कल कागदावर. मोहिमेला निघालेल्या फौजेच्या वैरणीपासून परदरबारच्या वकिलाने रात्री कुणाशी बोलणं केलं इथपर्यंत सगळं कागदावर यायचं आणि कागद नानांकडे यायचा. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या काठी त्यांचा वाडा आहे. तिथलं दप्तर पुढे इतिहासाच्या अभ्यासकांना लाखमोलाचं ठरलं. अशा माणसाचं चित्र काढायचं कसं? लढवय्याला घोड्यावर बसवता येतं, राजाला गादीवर. दिवसभर वाचणाऱ्या आणि रात्रभर विचार करणाऱ्या माणसाचं चित्र म्हणजे नुसता चेहराच. बाकी दाखवायला काही नाही.

हा चेहरा वाचणाऱ्याचं नाव जेम्स वेल्स. जन्म १७४७चा, स्कॉटलंडच्या पीटरहेड गावचा. १७९१मध्ये तो मुंबईला उतरला. पुण्यात तेव्हा कंपनीचा वकील होता चार्ल्स मॅलेट. मुळा-मुठेच्या संगमावर राहून तो दरबारातल्या बारीकसारीक गोष्टींची नोंद ठेवायचा. त्याने वेल्सला पुण्यात बोलावून घेतलं. मॅलेटचा हेतू निव्वळ कलेचा होता असं मला वाटत नाही. ज्यांच्याशी तह करायचे, ज्यांच्याकडून सवलती घ्यायच्या, त्यांना चित्राची भेट देणं हे राजकारणच. नानांना हे समजत नसेल असं तर मुळीच नाही. इंग्रजांना दारात किती येऊ द्यायचं आणि कुठे थांबवायचं हे आयुष्यभर मोजून पाहणारा हा माणूस, तरीही बसला. त्या बसण्याचंच मला सगळ्यात जास्त अप्रूप आहे.

कारण त्या काळी आपल्याकडची रीत वेगळी होती. आपले चितारी कागदावर काढायचे, डिंकात घोटलेल्या रंगांनी. चेहरा बहुतेक एका बाजूने. त्याला एकचष्मी म्हणतात, म्हणजे एकच डोळा दिसणारा. पाण्यातला रंग मिनिटा-दोन मिनिटांत वाळतो. पाणी उडून जातं, रंग कागदाला धरून राहतो. म्हणून त्या चित्रांत रेघ राजा असते. एक रेघ कपाळावरून निघते, नाकावरून उतरते, ओठांशी थबकते, आणि माणूस ओळखू येतो. अत्यंत अवघड कला आहे ही. पण गालाच्या फुगीर भागावरून उजेड हळूहळू सरकत कानापाशी अंधारात जातो, ते दाखवायला चिताऱ्याच्या हाती वेळच नसतो. रंग आधीच वाळून जातो.

वेल्सचा रंग तेलातला होता. आणि या तेलाची गंमत आपल्या स्वयंपाकघरात बसून कळते. आमच्या घरी जवसाची चटणी होते. जवसाच्या तेलाची एक बाटली कधीकाळी कुणी आणून ठेवली होती, वापरली कमी. काही महिन्यांनी बघितलं तर तिच्या तोंडाशी ओघळलेलं तेल पिवळट, चिवट पापुद्र्यासारखं झालेलं. नखाने सोलून निघेल असं. शेंगदाण्याच्या तेलाचं तसं होत नाही. ते वर्षभर तेलच राहतं. युरोपातल्या चित्रकारांचं सगळं विश्व या फरकावर उभं आहे. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफत जातात आणि हळूहळू त्याचा घट्ट पारदर्शक पडदा बनतो. रंगाची पूड त्या पडद्यात कायमची अडकते. याला दिवसच्या दिवस लागतात. तोवर रंग ओला असतो, आणि ओला आहे तोवर त्यात दुसरा रंग कुंचल्याने अलगद मिसळता येतो. म्हणजे तेलाने चित्रकाराला एकच गोष्ट दिली, उसंत. डोळ्याखालची सावली आज लावायची, उद्या माणूस पुन्हा समोर बसला की ती थोडी उजळ करायची, परवा तिच्यात किंचित निळसर मिसळायचं.

दुसरी गंमत प्रकाशाची. पातळ तेलरंगाच्या थरातून उजेड आत जातो, खालच्या थरावर आपटतो आणि परत बाहेर येतो. आपल्या कातडीतही असंच होतं, म्हणूनच कान उन्हासमोर धरला की लाल दिसतो. तेलरंगातली कातडी जिवंत वाटते ती यामुळे. वेल्सने हे पुण्यात आणलं तेव्हा बघणाऱ्यांना काय वाटलं असेल? सपाट फळकुटावर माणसाचं डोकं गोल होऊन बाहेर आलंय, हे बघायला आतुर झालेली माणसं मला दिसतात.

आणि पुढे जे झालं ते खरोखर नवलाचं आहे. मॅलेटने पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यातच चित्रकलेची शाळा काढली. वेल्सला मदतनीस हवे होते, ते इथल्याच पोरांतून तयार करायचे. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ची. तिच्या साठ-पासष्ट वर्षं आधी मराठ्यांच्या राजवाड्यात पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन शिकवलं जात होतं! त्या शाळेशी एक नाव जोडलेलं आहे, गंगाराम चिंतामण तांबट. आडनावच सांगतं, घराणं तांब्याचं. पुण्याच्या कसब्यात आजही तांबट आळी आहे आणि हातोडीचे ठोके ऐकू येतात. पत्र्यावर एका मापाने, एका अंतराने ठोका पाडत जाणं हे ज्याच्या हातात मुरलं आहे, त्याला छाया-प्रकाशाच्या बारीक रेघा सांगाव्या लागल्या नसतील, असं मला उगाच वाटत राहतं. गंगारामने वेरूळची लेणी मोजून-मापून रेखाटली. आमच्या लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना, दगडात कोरलेल्या खांबांपुढे उभं राहिल्यावर, त्याच्या चिकाटीची थोडी कल्पना येते. एवढ्या मोठ्या पोकळीत उंची, खोली, उजेड हे सगळं एका कागदावर बसवायचं म्हणजे काय.

पण त्याचं मला सगळ्यात आवडलेलं चित्र गेंड्याचं आहे. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. तिथला गेंडा गंगारामने १७९० साली काढला. गेंडा कसा असतो याची ऐकीव कल्पना कागदावर न उतरवता त्याने समोरचा गेंडा काढला. कातडीच्या जाड घड्या, जडशीळ अंग, त्या एका जनावराचा एकटेपणा. हे चित्र आता अमेरिकेत न्यू हेवनला येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मॅलेट आणि वेल्स यांचे बरेच कागद आणि गंगारामची चित्रं तिथे जपून ठेवली आहेत. आपल्या पोरांना राजा रविवर्मा माहीत आहे. गंगाराम तांबट हे नावही त्यांच्या तोंडी असायला हवं.

तांबटांवरून आठवलं. मिरजेला १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. देवनागरीत, हातच्या पोथीसारखी दिसणारी. त्या खटपटीची सुरुवात पुण्यात नानांच्या आश्रयाने झाली होती, असं छपाईच्या इतिहासात सांगितलं जातं. फर्दी लिहिणाऱ्या घराण्यातल्या माणसाला अक्षर छापण्याची कल्पना मोहवून गेली असेल, तर मला त्यात काहीच नवल नाही.

आता जरा लांब जाऊ. नानांचं चित्र बघता बघता मला ज्याची आठवण झाली, ते चित्र स्पेनमध्ये आहे, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. १७९८ सालचं. चित्रकार फ्रान्सिस्को गोया, समोर बसलेला माणूस गास्पार मेलचोर दे होवेयानोस. कायदेपंडित, कवी, अर्थशास्त्राचा अभ्यासक. आपल्या गावी, हिहोनला, त्याने खाणकाम आणि दर्यावर्दी विद्या शिकवणारी संस्था काढली. १७९५मध्ये त्याचा शेतजमिनीविषयीचा मोठा अहवाल छापला गेला. जमीन मठांच्या नि सरदारांच्या हातात अडकून पडली आहे, मेंढ्यांच्या कळपांच्या मालकांना इतक्या सवलती आहेत की शेतकऱ्याला स्वतःच्या रानाला कुंपण घालायची सोय नाही, हे त्याने राजाच्या राज्यात राहून लिहिलं. ज्यांच्या शेतात दरसाल धनगरांचे कळप बसतात त्या आमच्याकडच्या लोकांना हा वाद समजावून सांगायची गरज पडणार नाही. फरक एवढाच की आमच्याकडे मेंढ्या बसवून घेतात खतासाठी, आणि तिथे त्या राजाच्या सनदेने शेतात घुसायच्या.

चित्र उंचीला दोन मीटरहून जास्त आहे. होवेयानोस टेबलाशी बसला आहे, एक पाय दुसऱ्यावर. डावं कोपर टेबलावर, डोकं डाव्या हातावर टेकलेलं. उजव्या हातात एक कागद, नुसता धरलेला, वाचत नाही. टेबलावर कागदच कागद. मंत्रिपदावरचा माणूस, पण छातीवर एक पदक नाही. मागे अर्धवट अंधारात मिनर्व्हाचा पुतळा आहे. रोमन लोकांची विद्येची देवी. आपली सरस्वती वीणा घेते, ही ढाल घेते. तिचा एक हात त्याच्याकडे पुढे आला आहे, जणू डोक्यावर ठेवायचा आहे. आणि तो आपल्याकडे बघतोय. रागाने नाही, ऐटीने नाही. बैठक लांबली, दिवा विझत आला, आणि अजून चार पत्रं लिहायची राहिली आहेत, अशा वेळी माणूस जसा बघेल तसा.

त्याची नजर बघणाऱ्याचा पाठलाग करते, असं अशा चित्रांविषयी म्हणतात, आणि ते खरं आहे. घरच्या देवाच्या कॅलेंडरवर करून बघा. जिवंत माणसासमोरून आपण बाजूला सरकलो की त्याचा दुसरा गाल दिसू लागतो, बुबुळ डोळ्याच्या कडेला गेलेलं दिसतं. चित्र सपाट. आपण कुठेही गेलो तरी बुबुळ डोळ्याच्या मध्येच राहतं, म्हणून नजर आपल्यावरच राहते. कारण इतकं साधं आहे. तरी कारण कळल्यावरही अंगावर काटा येतोच, आणि मला वाटतं तो यावाच.

गोया हे चित्र काढत होता तेव्हा त्याला ऐकू येत नव्हतं. १७९२-९३च्या दुखण्यात त्याचे कान कायमचे गेले. म्हणजे वेल्स पुण्यात नानांना रंगवत होता त्याच वर्षी गोयाचं जग मुकं होऊ लागलं होतं. बहिऱ्या माणसाला समोरच्याचा चेहराच ऐकावा लागतो. होवेयानोसचा चेहरा इतका बोलका का आहे, याचं उत्तर मला तिथे सापडतं.

एकदा कागदावर चौघांची जन्मसालं लिहून काढली. नाना १७४२, होवेयानोस १७४४, गोया १७४६, वेल्स १७४७. पाच वर्षांत चौघे. दोघे लिहिणारे, दोघे त्यांना बघणारे. कुणालाही एकमेकांचा पत्ता नाही, निदान समुद्राच्या या आणि त्या बाजूचा. मग १७९८ साल पुढे घेतलं आणि मी उठून उभाच राहिलो.

होवेयानोस मंत्री झाला नोव्हेंबर १७९७मध्ये, आणि ऑगस्ट १७९८मध्ये त्याला काढलं. तेवढ्या महिन्यांतलं हे चित्र. आणि नाना? ३१ डिसेंबर १७९७ला पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या भेटीला गेले असताना त्यांना दग्याने धरलं आणि नगरच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. सुटका झाली जुलै १७९८मध्ये. माद्रिदच्या दरबारातला विचारी माणूस डोक्याला हात लावून गोयासमोर बसला होता, त्या वेळी पुण्याच्या दरबारातला विचारी माणूस नगरच्या भिंतींआड बसलेला होता. त्याच्यासमोर कुंचला घेऊन कुणी नव्हतं. पुढे १८०१मध्ये होवेयानोसच्याही दारात शिपाई आले आणि त्याने सात वर्षं मायोर्का बेटावर कैदेत काढली.

आमच्या गावावरून माळशेजकडून येणारा रस्ता जातो तो थेट नगरलाच. ओतूर, आळेफाटा, बेल्हे, टाकळी ढोकेश्वर. या रस्त्याने मी कितीदा गेलोय, कांद्याच्या गाड्यांच्या मागे मागे. किल्ला बघताना नेहरूंची खोली दाखवतात, ती बघून परत येतो. त्याच किल्ल्यात त्याच्या कितीतरी आधी नानांनी सहा-सात महिने काढले होते, हे मला ओसरीवर बसून, एका स्पॅनिश माणसाच्या चित्रामुळे कळलं.

वेल्सने पुण्यात खूप डोकी रेखाटली होती, एका मोठ्या चित्राची तयारी म्हणून. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे १७९०मध्ये एकत्र आले, त्या तहाचा दरबार त्याला रंगवायचा होता. ते त्याच्या हातून झालं नाही. २७ ऑक्टोबर १७९५ला सवाई माधवराव गेले, वाड्याच्या सज्जातून पडून, वयाच्या एकविसाव्या वर्षी. पुढच्याच महिन्यात वेल्स ठाण्याला तापाने वारला. त्याची रेखाटनं इंग्लंडला गेली. त्याची मुलगी सुझाना मॅलेटची बायको झाली. आणि थॉमस डॅनियल नावाच्या चित्रकाराने ती रेखाटनं समोर ठेवून १८०५मध्ये दरबाराचं चित्र पुरं केलं. तोवर नानाही नव्हते. १३ मार्च १८००ला ते पुण्यात गेले होते.

हे चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. शनिवारवाड्याचा गणपती रंगमहाल, महिरपी, भिंतीवर भव्य गणपती, खाली गच्च भरलेली सभा, आणि प्रत्येक पगडीखाली वेगळा चेहरा. यातल्या कितीतरी जणांसमोर वेल्स कधी ना कधी बसला होता. १८२८च्या आगीत वाडा आतून जळून गेला. तो महाल कसा दिसायचा हे विचारायचं तर या चित्रालाच विचारावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात पुण्यात काम होतं, तेव्हा शनिवारवाड्यात गेलो. जोत्यांचे दगड तापलेले, मधोमध हिरवळ, कारंज्याचा कोरडा हौद. सहलीला आलेली पोरं जोत्यावरून जोत्यावर उड्या मारत होती. रंगमहाल जिथे असावा तिथे, अंदाजाने, मी उभा राहिलो आणि मोबाइलवर ते चित्र काढलं. ऊन काचेवर पडत होतं, काहीच दिसेना. तळहाताची सावली धरली तेव्हा आधी गणपती दिसला, मग तरुण पेशवे, आणि मग त्यांच्या जवळ बसलेला तो कृश माणूस.